घराला कोणता रंग द्यावा?

घराला रंग द्यायचा ठरला की सर्वांना उत्साह येतो. कोणाकडे ईद जवळ आलेली असते, कोणाकडे दिवाळी, तर कोणाकडे लग्न ठरलेले असते. दुकानातून रंगांचा तक्ता आणला जातो. अम्मीला बदामी रंग आवडतो, आपाला गुलाबी, तर धाकट्या भावाला पोपटीच हवा असतो. मग कोणाचे ऐकावे?

आधी रंगांच्या नावांची गंमत पाहू. गुलाबी, बदामी, अंजिरी, आसमानी हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. 'खाकी' हा शब्द फारसीतील 'खाक' म्हणजे माती, यावरून आला. पोपटी, मोरपंखी, राखाडी, अबोली ही मराठी नावे. फुले, फळे, पक्षी, माती अशा ओळखीच्या वस्तूंवरून माणसाने रंगांना नावे दिली आहेत.

माणसाने घराचे रंगही प्रथम आपल्या परिसरातूनच घेतले. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा हा जंगलाचा तालुका आहे. येथे गोंड बांधवांची गावे आहेत, तशीच पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्या कुटुंबांचीही गावे आहेत. या भागातील मातीच्या घरांच्या भिंती शेणमातीने सारवतात. त्यांवर पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात फिरवतात आणि खाली गेरूचा पट्टा ओढतात. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या संयुगामुळे येतो. तो उन्हात सहसा विटत नाही.

चुन्याचा रंग कसा तयार होतो? चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना मिळतो. त्यात पाणी घातले की तो उकळू लागतो. तो अंगावर किंवा डोळ्यांत उडाला तर मोठी इजा होते, म्हणून मुलांनी दूर राहावे. विरलेला चुना भिंतीवर लावताना पाण्यासारखा दिसतो. वाळल्यावर मात्र भिंत पांढरीशुभ्र होते. पुढे तो हवेतील कार्बन डायॉक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. पिवळसर झाक दिसू नये म्हणून त्यात थोडी नीळ मिसळतात.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. रंग निवडताना आवडीइतकाच खोलीतील उजेडही महत्त्वाचा असतो. पांढरा व फिकट रंग बराचसा प्रकाश परत फेकतो. गडद रंग प्रकाश शोषून घेतो. कवेलूच्या घरात खिडकी लहान असेल आणि तिथेच मुले अभ्यास करीत असतील, तर भिंतींना गडद निळा रंग देऊ नये. दिव्याचा बराचसा उजेड वाया जाईल आणि डोळ्यांवर ताण पडेल. तोच निळा रंग हवा असेल, तर तो दरवाजाला द्यावा. अशा रीतीने आवडही राखली जाते आणि उजेडही राहतो.

दुसरी गोष्ट अशी की, तक्त्यावरील लहान तुकड्यात दिसणारा रंग पूर्ण भिंतीवर वेगळा वाटू शकतो. सकाळच्या उन्हात, संध्याकाळी आणि दिव्याखाली तो वेगवेगळा दिसतो. पावसाळ्यात बाहेर दाट झाडी असली, तर पांढऱ्या भिंतीवरही हिरवट झाक येते. म्हणून थोडासा रंग आणून भिंतीवर हातभर लांबी-रुंदीचा चौकोन रंगवावा. तो पूर्ण वाळू द्यावा. दिवसातून तीन वेळा आणि रात्री दिवा लावून पाहावा. घरातील सर्वांना, विशेषतः दादीला आणि लहानग्यांना, तो दाखवावा. पैसे थोडेच खर्च होतात आणि पुढचा पश्चात्ताप टळतो.

रंगाचा डबा घेताना त्यावरील मजकूर वाचावा. पूर्वी तैलरंगांत शिसे मिसळले जात असे. शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर वाईट परिणाम होतो. म्हणून घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. परंतु जुन्या दारे-खिडक्यांवर अजूनही तसा रंग असू शकतो. त्याचे पोपडे मुलांनी खरवडू नयेत. मोठ्यांनीही तो कोरडा घासून धूळ उडवू नये.

महागडा रंग सर्वांनाच परवडत नाही. पण नीट पाहून, एकमेकांना विचारून रंग निवडण्याचा आनंद चुन्याच्या घरातही तितकाच मिळतो. तुमच्या घरी पुढच्या वेळी रंगांचा तक्ता आला, तर लगेच भांडू नका. अब्बांना म्हणा, "आधी चार चौकोन रंगवून पाहू या."