भंगारातली प्रयोगशाळा, आंबी स्पेशल

जीवशास्त्राची प्रयोगशाळा म्हटलं की आठवतं ते काचेचं कपाट, त्याला लावलेलं कुलूप आणि आत पिशवीत गुंडाळून ठेवलेला मायक्रोस्कोप. त्याला हात लावायला मिळतो तो तपासणीला साहेब येणार असले तरच! मावळातल्या आंबीला त्या कुलपाची चिंता करायचं कारण नाही. इंद्रायणी शेजारी, भातखाचरं आजूबाजूला, एमआयडीसी उशाशी आणि गुलाबाची पॉलिहाऊसेस हाकेच्या अंतरावर. एवढ्या मालात अख्खी प्रयोगशाळा उभी राहते.

सुरुवात बटणाच्या भिंगरीपासून. कोटाचं मोठं बटण, त्यातून ओवलेला दोरा, दोन्ही हातांनी ताण-सोड, ताण-सोड. जत्रेतल्या या खेळण्यावरून स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश (जन्म मेरठचा बरं का!) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये कागदाचा सेंट्रिफ्यूज जाहीर केला. वजन दोन ग्रॅम, खर्च 20 सेंट, वेग मिनिटाला सव्वा लाख फेऱ्या. दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा वेगळा! वीज लागत नाही, त्यामुळे लोडशेडिंगला हे यंत्र भीक घालत नाही. याच प्रकाश यांनी त्याआधी 2014 मध्ये कागदाची घडी घालून बनणारा फोल्डस्कोप मायक्रोस्कोप जगापुढे आणला होता.

घडीचा मायक्रोस्कोप नसेल तर पाण्याचा थेंब आहेच. मोबाइल टेबलावर उताणा ठेवा, पुढच्या कॅमेऱ्यावर अलगद एक छोटा थेंब सोडा आणि कॅमेरा चालू करा. कांद्याची एक पाकळी मोडा. आतल्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा नखाने सोलून काचेच्या पट्टीवर पसरा. पट्टी थेंबाच्या वर जराशी अधांतरी धरा, खाली-वर करत स्पष्ट चित्र शोधा, उजेड वरून येऊ द्या. कांद्याच्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या पडद्यावर उभ्या राहतात. मेडिकलमधल्या टिंक्चर आयोडिनचा एक थेंब पापुद्र्यावर टाकला तर पेशीतलं केंद्रकही उठून दिसायला मदत होते. मोबाइल मात्र दादाचा असेल तर आधी विचारा.

थेंबाला कमी लेखू नका. हॉलंडमधल्या डेल्फ्टचा लेवेनहुक कापडाचा व्यापारी. त्याचं भिंगही एकच आणि इवलंसं. त्यातूनच 1683 मध्ये त्याने दातांवरच्या किटणात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. पदवी नाही, लॅब नाही, अनुदान तर नाहीच.

आता स्वयंपाकघरात या, कारण जंतुशास्त्रातला एक मोठा शोध तिथूनच आला. रॉबर्ट कॉख जंतू वाढवायला आधी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या वापरायचे. मग जिलेटिन आलं, पण ते उन्हाळ्यात वितळायचं आणि काही जंतू तर तेच फस्त करायचे. कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांची पत्नी फॅनी हिने सुचवलं, 'अगार वापरून बघा.' ती घरी जेली त्यातच करायची, आणि ती जेली उकाड्यातही टिकायची. हे 1881 च्या सुमाराचं. पुढच्या वर्षी क्षयाचा जंतू जाहीर करताना कॉख यांनी अगारचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. 1887 मध्ये पेट्री यांनी झाकणाची बशी आणली, तिला त्यांचं नाव मिळालं. अगार सुचवणाऱ्या बाईच्या नावाने मात्र साधी वाटीसुद्धा नाही! ते अगार म्हणजे आपलं किराणा दुकानातलं चायना ग्रास.

शाळेसाठी बटाटाच बरा. उकडलेल्या चकत्या झाकणाच्या पारदर्शक डब्यांत ठेवा. एकीला खेळून आलेलं बोट लावा, दुसरीला साबणाने धुतलेलं, तिसरी तशीच. डबे चिकटपट्टीने बंद करा आणि तीन-चार दिवस बाहेरूनच बघा. 'हात धुवा'च्या पोस्टरपेक्षा याचा परिणाम जास्त. डबे मुलांनी उघडायचे नाहीत. शेवटी सरांनी किंवा बाईंनी हातमोजे घालून ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून मगच टाकायचे.

स्टेथोस्कोपचा जन्म तर संकोचातून झाला. 1816 मध्ये पॅरिसच्या डॉक्टर लेनेक यांना एका तरुणीच्या छातीला कान लावणं प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची सुरळी केली आणि ठोके आणखी स्पष्ट ऐकू आले. आपण फनेलला रबरी नळी जोडायची, फनेलच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बसवायचं, झालं. नाडी बघायची तर आणखी स्वस्त उपाय आहे: ड्रॉइंग पिनच्या टोकावर आगकाडी उभी खोचा आणि पिनची चपटी बाजू मनगटावर नाडीच्या जागी ठेवा. काडी ठोक्यागणिक डोलते.

टेस्ट ट्यूब हवी? शीतपेयाची बाटली फुगवण्याआधी प्लॅस्टिकची जाड, आट्यांची नळी असते, तिला प्रीफॉर्म म्हणतात. कारखान्यातून नाकारलेल्या नळ्या मिळाल्या तर झाकणासकट टेस्ट ट्यूब तयार. फक्त गरम पाणी ओतू नका, नळी वाकडी होते. काचेचीच हवी म्हणणाऱ्यांना सांगायला हवं, की जवळच्या तळेगावात 1908 मध्ये पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत हा फंड उभा केला होता. स्वस्तात विज्ञान ही या परिसराची जुनीच खोड.

पॉलिहाऊसमधून बाद झालेला लाल गुलाब फेकू नका. पाकळ्या कोमट पाण्यात कुस्करल्या की दर्शक तयार: लिंबू पिळलं तर लालबुंद, खायचा सोडा टाकला तर हिरवट. पानवाल्याकडचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. वरची निवळी ग्लासात घेऊन स्ट्रॉने फुंका (ओढू नका!). ती दुधाळ होते, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सापडला.

इंद्रायणी तांदूळ ही वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची देणगी, वाण 1987 चं. पण पॉलिश केलेला तांदूळ पेरला तर काही उगवत नाही, कारण कोंड्याबरोबर अंकुरही गेलेला असतो. म्हणून भातच घ्या, तुसासकट. सीडीच्या रिकाम्या पारदर्शक डबीत ओला टिश्यू, त्यावर दाणे, डबी उभी. मुळं खाली निघाली की डबी आडव्या अंगावर वळवून पुन्हा उभी करा. मुळं वळतात आणि पुन्हा खालची वाट धरतात. पेरणीआधी मिठाच्या पाण्यात बियाणं बुडवून तरंगणारं पोचट काढून टाकणारे शेतकरी घनतेचाच प्रयोग करत असतात; प्रमाण दहा लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ.

एक सूचना, आणि ही थट्टेवारी न्यायची नाही. वापरलेली सुई, सिरिंज किंवा सलाइनची नळी भंगारातून उचलायची नाही, म्हणजे नाही. बिनसुईची नवी सिरिंज मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते.

आणखी कल्पना हव्या असतील तर अरविंद गुप्ता यांची खेळणी बघा. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, मग होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबला आगकाड्या जोडून त्यांनी मेकॅनो बनवला. 2018 मध्ये पद्मश्री. त्यांची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतसुद्धा. त्यांनी अनेक वर्षं काम केलं ती मुक्तांगण विज्ञान शोधिका पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आहे. तळेगावहून लोकलने शिवाजीनगरला उतरा, पुढे बस आहे. सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या त्या इमारतीचं नाव आहे 'पुलस्त्य'.