गॉथिक कथेची वाट – लेखांक ४ : माया लावणारं रान

मागच्या लेखांकात आपण होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’पासून (१७६४) निघालो होतो. किल्ला, भुयार, घराण्याचा शाप ही तिथली सामग्री. दार उघडून मोकळ्या हवेत आलं की माणूस सुटला. अल्जर्नन ब्लॅकवुड (१८६९–१९५१) या इंग्रज लेखकानं सुटकेची ही वाटच बुजवली. १९१२ साली निघालेल्या त्याच्या ‘पॅन्स गार्डन’ या निसर्गकथांच्या संग्रहात भय बाहेरच वस्तीला आहे. ते झाडांत आहे, बर्फात आहे, वाळूत आहे.

‘द मॅन हूम द ट्रीज लव्हड’ ही त्यातली दीर्घकथा पाहा. डेव्हिड बिटासी हिंदुस्थानातल्या वनखात्यात नोकरी करून मायदेशी परतलेला आहे. इंग्लंडच्या दक्षिणेला ‘न्यू फॉरेस्ट’ला लागून त्याचं घर आहे. अंगणातला देवदार रानाला जणू थोपवून धरतो. एका वादळात त्याच्या फांद्या मोडतात, आणि त्यानंतर बिटासी रानाकडे अधिकाधिक ओढला जातो.

इथं कुणी हल्ला करत नाही, रक्त सांडत नाही. झाडांना बिटासी हवा आहे, आणि त्यालाही ती हवी आहेत. कथा आपण बहुतेक त्याच्या पत्नीच्या, सोफियाच्या, नजरेतून पाहतो. ती श्रद्धाळू ख्रिस्ती बाई. सैतान आला असता तर त्याच्याशी कसं लढायचं हे तिला ठाऊक होतं. पण नवऱ्यावर माया करणाऱ्या झाडांविरुद्ध देवाकडे मागायचं काय? तिला शत्रूच सापडत नाही. कथेतली सगळी अस्वस्थता या कोंडीतून येते.

‘द ग्लॅमर ऑफ द स्नो’मध्ये आल्प्समधलं बर्फ तरुणीच्या रूपानं एका लेखकाला रात्री उंच उतारांवर बोलावतं. ‘द ट्रान्सफर’मध्ये बागेतला एक नापीक तुकडा भुकेला आहे, आणि त्याच्याशी गाठ पडते ती इतरांचं चैतन्य नकळत शोषून घेणाऱ्या माणसाची. दोन्हीकडे निसर्ग खलनायक नाही. त्याची ओढ आणि त्याची भूक माणसाच्या नीतीत बसत नाहीत, एवढंच.

ब्लॅकवुडची पात्रं कधीकधी लांबलचक चर्चा करतात, तिथं कथा रेंगाळते. तरीही मला तो थोर वाटतो. तरुणपणी त्यानं कॅनडात दिवस काढले, डॅन्यूब नदीतून होडीनं प्रवास केला. त्यामुळे त्याचं रान सजावटीपुरतं उरत नाही. रान आपल्यासाठी आहे, या आपल्या समजुतीलाच तो धक्का देतो. भयकथेनं माणसाला त्याची जागा दाखवावी, हे तिचं मोठं काम आहे, आणि ते त्यानं मनापासून केलं.

पुढच्या आठवड्यात त्याच डॅन्यूबवर जाऊ. ‘द विलोज’ (१९०७) या कथेत दोन प्रवासी पुराच्या पाण्यात खचत चाललेल्या बेटावर मुक्काम करतात. भूत न दाखवता ब्लॅकवुड तिथं भीती कशी उभी करतो, ते टप्प्याटप्प्यानं पाहू. जमल्यास तोवर मूळ कथा वाचून ठेवा.