तणनाशक फवारताय? आधी हे वाचा

पावसाळा लागला की पुण्यात गवताला ऊत येतो. विहाराचे आवार, नाल्याचा काठ, सोसायटीची बाग, सगळीकडे गुडघाभर रान माजते. खुरपणीला चार बायका लावण्यापेक्षा पंपभर तणनाशक स्वस्त पडते, म्हणून ठेकेदार फवारणी करून घेतो. पंप मात्र बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतल्या माणसाच्या पाठीवर असतो. सोसायट्यांच्या बागांत, नर्सरीत, उरुळी कांचनकडच्या मळ्यांत आपले भाऊ-बहिणी रोजंदारीवर हे काम करतात. म्हणून या वेळी आम्ही तणनाशकाविषयी लिहीत आहोत.

औषध नव्हे, विष

आपण त्याला 'औषध' म्हणतो, तिथेच पहिली गफलत होते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती. पण विष अंगात शिरण्याच्या वाटा त्याच आहेत: उघडी कातडी, श्वास, डोळे आणि तोंड.

तणनाशकांत पॅराक्वाट सर्वांत घातक आहे. त्याचा एखादा घोटही जीव घेऊ शकतो आणि त्यावर उतारा नाही. युरोपीय संघात २००७ पासून त्याला बंदी आहे. आपल्याकडे ते दुकानात मिळते. दुसरे ग्लायफोसेट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'कर्करोग होण्याची शक्यता असलेले' या गटात टाकले. काही देशांच्या सरकारी यंत्रणांना हे मान्य नाही. तरी २०२२ मध्ये आपल्या केंद्र सरकारने ते केवळ कीडनियंत्रणाचे काम करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरावे, असा आदेश काढला. म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात सहज द्यावी अशी ही वस्तू नाही.

डब्यावरचा त्रिकोण पाहा

वाचता येत नसले तरी रंग ओळखता येतो. लाल त्रिकोण म्हणजे अतिशय विषारी, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी ते विषच आहे. सीलबंद डबाच घ्यावा. सुटे विष पाण्याच्या बाटलीत कोणी देत असेल तर घेऊ नये, कारण त्यावर ना नाव असते ना प्रमाण. किती पाण्यात किती टाकायचे हे डब्यावर लिहिलेले असते. 'जरा जास्त टाक, लवकर जळेल' हे मुकादमाचे म्हणणे ऐकू नये.

फवारताना

पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा आणि मास्क हवाच. तोंडाला ओला रुमाल बांधणे म्हणजे मास्क नव्हे. ओल्या कापडातून विष तोंडाजवळच राहते. गळका पंप पाठीवर घेऊ नये. मिश्रण हाताने नव्हे, काठीने ढवळावे. वारा पाठीकडून असावा. सोसाट्याचा वारा, भर दुपारचे ऊन किंवा पावसाची चिन्हे असतील तर काम थांबवावे. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. मध्येच तंबाखू मळणे, बिडी ओढणे, भाकरी खाणे नको. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी आणि मुलांनी या कामाला हात लावू नये. काम संपल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. पंप नाल्यात, हौदात किंवा बोअरजवळ धुऊ नये.

ही साधने मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. कीटकनाशक कायदा १९६८ मध्ये तणनाशकेही येतात आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांत फवारणी करणाऱ्याला संरक्षक कपडे मिळण्याची तरतूद आहे. एकट्याने बोलायला भीती वाटते, हजेरी जाईल असे वाटते. म्हणून चौघांनी मिळून बोलावे.

घरात बाटली नको

एका खोलीच्या घरात कुलपाचे कपाट कुठून आणायचे? म्हणून उरलेले विष घरी आणूच नये. ते ठेकेदाराच्या किंवा मालकाच्या कुलपात राहू द्यावे. थंड पेयाच्या बाटलीत ओतलेले तणनाशक लहान मूल सरबत समजून पिते. रागाच्या, निराशेच्या क्षणी हाताशी विष नसले तर जीव वाचतो, हेही लक्षात ठेवावे. रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्याला, रॉकेलला वापरू नये. भोक पाडून तो मालकाकडेच परत द्यावा.

विषबाधा झाली तर

अंगावर सांडले तर कपडे लगेच काढून साबण-पाण्याने भरपूर धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. पोटात गेले असेल तर मिठाचे पाणी पाजून, घशात बोटे घालून उलटी करवू नये. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. १०८ ला फोन करून थेट ससून किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे. डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा. कोणते विष हे कळल्यावर उपचार नेमका होतो. पॅराक्वाट पोटात गेलेला माणूस पहिल्या दिवशी बरा दिसू शकतो, नंतर मूत्रपिंड आणि फुफ्फुसे निकामी होतात. 'आता बरे वाटतेय' म्हणून घरी परतू नये. पोलीस केसच्या भीतीने वेळ घालवू नये.

शेवटी, विषाशिवायही गवत जाते. गाजर गवत फुलावर येण्याआधी, पावसाने जमीन भुसभुशीत असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फरशीच्या फटींतल्या गवतावर उकळते पाणी ओतावे, वाफ्यात पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. विहाराच्या आवारासाठी एका रविवारचे श्रमदान पुरते. तिथे आपली मुले खेळतात; तिथे तरी फवारणी नकोच.