मोडण्यासाठीच घडवलेली पिन

अंधेरीची एमआयडीसी, साकीनाक्याच्या गल्ल्या, घाटकोपर-मुलुंडच्या एलबीएस मार्गालगतच्या इंडस्ट्रियल इस्टेटी. इथले जे गाळे अजून तग धरून आहेत, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी एखादं जुनं लेथ भेटतंच. कुठे बंगळुरूच्या एचएमटीचं, कुठे राजकोटचं किंवा बटाल्याचं, तर कुठे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगसमूहाने 1941 मध्ये उभारलेला हा हरिहरचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, पण त्याची मशीनं अजून राबताहेत. सीएनसीच्या जमान्यातही एकच बुश किंवा एकच शाफ्ट हवा असला की काम यांच्याकडेच येतं.

ही मशीनं इतकी टिकण्यामागे काही रुपयांच्या एका पिनचाही वाटा आहे. गिअरबॉक्समधून येणारी ताकद लीड स्क्रू आणि फीड रॉडपर्यंत एका कॉलरमधून जाते. त्या कॉलरच्या आरपार बसते ती शिअर पिन. काही लेथवर तिच्याऐवजी स्प्रिंगचा सेफ्टी क्लच असतो.

समजा, आटे पाडताना हाफ नट वेळेवर सुटला नाही. कॅरेज तसंच पुढे जातं आणि चकवर आदळतं. मोटर काही थांबत नाही, म्हणजे काहीतरी मोडणारच. अशा वेळी गिअरचे दात किंवा हाफ नटचे आटे जाण्याऐवजी पिन जावी, म्हणून ती मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. घरातला फ्यूज हेच काम करतो.

पिन बदलायला वेळ थोडा लागतो, पण घाई चालत नाही. आधी मेन स्विच बंद. टूल मागे घ्यायचं, हाफ नट सोडायचा, फीडचा लिव्हर न्यूट्रलला आणायचा. पिन दोन ठिकाणी कातरली जाते, त्यामुळे तिचे तीन तुकडे होतात. कॉलरमधले दोन सहसा लवकर निघतात. मधला शाफ्टच्या भोकातच बसून राहतो, आणि कॉलर शाफ्टवर फिरून गेलेली असल्याने दोघांची भोकं एका रेषेत नसतात. लीड स्क्रू हाताने हळूहळू फिरवत ती जुळवावी लागतात. जुळली की योग्य मापाच्या पिन पंचने हलकी ठोक द्यायची. तुकडा बाहेर आला की भोकाच्या कडेला उठलेली बर बारीक कानशीने काढायची, नाहीतर नवी पिन बसतानाच अडते. पिन टेपर असेल तर तिचा उतार मेट्रिक मापात 1:50 असतो. डोळ्यांना तो जेमतेम कळतो, म्हणून बारीक टोक व्हर्नियरने शोधून त्याच बाजूने ती घालायची.

खरी चूक घडते ती इथेच. मापाची पिन हाताशी नसते, मग मोडक्या ड्रिलचा दांडा ठोकून काम चालू केलं जातं. 5 मिलिमीटरच्या जागी 6 मिलिमीटरची पिन घातली, तरी तिची कातर सोसण्याची ताकद 44 टक्क्यांनी वाढते. कठीण पोलादाची पिन तर मोडतच नाही, आणि पुढचा धक्का गिअरबॉक्स खातो. जुन्या लेथचे गिअर सहज मिळत नाहीत. ते कापून घ्यायचे तर खर्च आणि खोळंबा दोन्ही. ही काटकसर नव्हे, मशीनशी केलेला अन्याय आहे.

पिन पुन्हा पुन्हा मोडत असेल, तर दोष पिनचा नसतो. बेडवर चिप साचलेत का, गिब फार आवळलाय का, कट जास्त दिला जातोय का, हे आधी तपासावं. मुलुंड-अंधेरीच्या आयटीआयमधून टर्नरचा दोन वर्षांचा कोर्स करून येणाऱ्या मुलांना हा तपास हातात पाना घेऊन, प्रत्यक्ष मशीनवर शिकवायला हवा.

गाळेवाल्यांना एवढंच सांगणं: मशीनच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाच्या आणि धातूच्या चार पिना आजच बनवून घ्या, डबीवर मशीनचं नाव लिहा आणि ती डबी लेथच्या खणातच ठेवा.