शाळेची पहिली घंटा आणि बाळाचे पोट

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की साडेतीन-चार वर्षांच्या मुलांची एक ठरावीक तक्रार दवाखान्यात येऊ लागते. सकाळी गणवेश चढवला की पोट दुखते. शाळेची रिक्षा निघून गेली की थांबते. रविवारी दुखतच नाही! घरचे म्हणतात, 'सगळी नाटकं.' पण ते नाटक नसते. भीतीने आतड्यांची हालचाल बिघडते व बेंबीभोवती खरोखर कळ येते. अशा मुलाला औषधाची बाटली नको, पूर्वतयारी हवी, आणि ती मे महिन्यातच.

आमच्या मते पहिली तयारी अक्षरांची नव्हे, शू-शीची. घरी आईला नुसती खूण पुरते. शाळेत बाईंना सांगायची लाज वाटते, अनोळखी, अंधाऱ्या संडासाची भीती वाटते. मग मूल तीन-चार तास लघवी तुंबवून बसते. काही माता तर 'चड्डी ओली करील' म्हणून सकाळी पाणीच देत नाहीत. याने लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग व ताप येऊ शकतो; मुलींना हा त्रास अधिक. शौच रोखल्याने खडा धरतो, दुखते, म्हणून मूल आणखी रोखते. पोटदुखीचे हेही एक कारण.

तेव्हा 'बाई, शू लागली' हे मोठ्याने सांगायचा सराव घरीच करून घ्यावा. पट्टा, हूक नको. मुलाला स्वतः खाली-वर करता येईल अशी इलॅस्टिकची चड्डी द्यावी. एकदा शाळेत नेऊन संडास दाखवावा. प्रवेश घेताना फी सगळे विचारतात, संडासात पाणी असते का हे किती जण विचारतात?

झोपेची वेळ पंधरा दिवस आधीपासून थोडी थोडी अलीकडे आणावी. या वयाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत टीव्ही-मोबाईल पाहणारे मूल सकाळी रडणारच.

'थांब, शाळेत टाकते, बाई बदडतील,' ही धमकी कृपया बंद करावी. (डॉक्टरांच्या सुईचीही!) मुलाची नजर चुकवून पळ काढू नये. 'डबा खाल्लास, गाणी झाली, की मी फाटकापाशी,' असे सांगावे आणि वेळेवर हजर राहावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे रडणे साधारणपणे आपोआप ओसरते.

मात्र पोटदुखीने मूल रात्री झोपेतून उठत असेल, ताप, उलट्या किंवा लघवीला जळजळ असेल, वजन घटत असेल, तर शाळेला दोष न देता तपासून घ्यावे. येताना लसीकरणाचे कार्ड आणावे. पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान द्यायची त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा पुष्कळांच्या ध्यानातून जाते. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.