गिरणीचं नरसाळं आणि रक्ताचा थेंब

भोपाळच्या बरखेड्यात, म्हणजे भेल कारखान्याच्या वसाहतीत, पिठाच्या गिरणीवर उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. नरसाळ्यातला शरबती गहू मधेच थांबतो. भोक दाण्यापेक्षा कितीतरी मोठं, तरी चार-पाच दाणे एकमेकांना रेटत कमान धरतात. गिरणीवाला पत्र्यावर एक टिचकी मारतो आणि धार पुन्हा सुरू.

रक्तातल्या पेशी वेगळ्या करणाऱ्या सूक्ष्म चिपचं दुखणं हेच. तांबडी पेशी साधारण ७-८ मायक्रॉनची, आपला केस सुमारे ७० मायक्रॉनचा. चिपमधली वाट पेशीच्या दोन-तीन पट रुंद असली तरी गर्दी झाली की कमान बसते. शिवाय कण भिंतीला चिकटून वाट हळूहळू अरुंद करतात, ते निराळंच. आणि इथे टिचकी मारणार कुठे?

म्हणून सगळा प्रवाह पेशी गाळणाऱ्या जाळीवर सरळ आदळू देत नाहीत. तो जाळीला समांतर नेतात: थोडा द्रव बाजूच्या छिद्रांतून निसटतो, कण पुढे वाहून जातात. कधी प्रवाह क्षणभर उलटा फिरवतात, भिंतींना न चिकटणारा लेप देतात.

मला सर्वांत आवडलेली युक्ती २००४ साली अमेरिकेत मांडली गेली. जाळीच नाही! किंचित तिरक्या रांगांत बारीक खांब. त्यांमधून लहान कण वळणं घेत जवळजवळ सरळ जातात, मोठे दर खांबागणिक बाजूला सरकतात. खांबांतलं अंतर कणांपेक्षा मोठंच असतं, त्यामुळे तुंबणं कमी होतं. पण पेशींची गुठळी आलीच, तर तिथेही अडतं.