कंबर धरली की किती पडावं, किती चालावं?

कंबरेत उसण भरली की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो, ‘पडून राहा, अजिबात हलू नका.’ माझीही कंबर सात-आठ वर्षांपासून अधूनमधून धरते, त्यामुळे हा सल्ला मी पुष्कळांकडून ऐकला आहे. त्यामागं माया असते. वैद्यकशास्त्र मात्र आता त्याच्या बाजूनं राहिलेलं नाही.

आमचे अब्बा शिंपीकाम करायचे. १९८०च्या दशकात, ऐन रमझान ईदच्या तोंडावर, त्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी तीन आठवडे फळीवर झोपायला सांगितलं. त्या काळी तसाच रिवाज होता. गिऱ्हाइकांची कापडं परत गेली, हंगाम बुडाला. अब्बा उठले तेव्हा कंबरेपेक्षा पायच जास्त लटपटत होते.

असं का होतं? मणक्यांच्या मधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. शेजारच्या हाडांतून पाझरणाऱ्या द्रवावर त्या जगतात आणि शरीर हललं की या द्रवाची ये-जा होते. पडून राहिलं की स्नायूही दुबळे होतात. शिवाय मनात भीती बसते, ‘वाकलो तर काहीतरी तुटेल.’ बहुतेक कंबरदुखीत तुटण्यासारखं काही झालेलंच नसतं.

फिनलंडमध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना कंबरेचे व्यायाम दिले आणि उरलेल्यांना सांगितलं, सोसवेल तेवढं रोजचं काम करा. हे शेवटचे सर्वांत लवकर बरे झाले. सर्वांत मागं राहिले ते अंथरुणावरचे! २०२४ साली ऑस्ट्रेलियातून ७०१ जणांचा अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकतेच उठलेल्यांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. त्यांचं दुखणं उलटायला मध्यमानानं २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांचं ११२ दिवसांतच उलटलं. चालायला ना यंत्र लागतं, ना फी.

म्हणून विश्रांती वाईट, असं नाही. कळ असह्य असेल तर एक-दोन दिवस थोडं पडावं; कुशीवर झोपून गुडघ्यांत उशी घेतली की बरं वाटतं. पण मधूनमधून उठून घरातल्या घरात चार फेऱ्या माराव्यात. खरी गफलत होते ती बरं वाटल्यावर. आज कंबर हलकी आहे म्हणून बाई एका दमात माळा आवरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण धरते. काम घड्याळावर बेतावं. वीस मिनिटं काम केलं की पाच मिनिटं टेकावं, दुखत नसलं तरीही. मी कविसंमेलनात गादीवर अर्ध्या तासापेक्षा जास्त मांडी घालून बसत नाही, उठून मागं उभा राहतो. वाचणाऱ्या कवीला वाटतं, आपली कविता पडली!

मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांमधली बैठकीची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर शेक-मालीश करत बसू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावं. ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यामुळं सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही असेल तरी डॉक्टरांना लगेच दाखवावं आणि ते आपण होऊन सांगावं.